कौलं चाळायची म्हणून माळा उपसला

गावाकडे घर आवरायला कुणी मनात आलं म्हणून घेत नाही, त्याला निमित्त लागतं, आणि आमच्याकडे यंदा निमित्त होतं छपराचं. सासर मुरबाड तालुक्यात, कल्याण-नगर रस्ता सोडून आत गेलं की लागणारं लहानसं गाव. घर मंगलोरी कौलांचं, पुढे पडवी, मग माजघर, मग चुलीची खोली, आणि मोरीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की परस. आम्ही राहतो ऐरोलीला, नोकऱ्या तिकडेच, पण सासू-सासरे आणि धाकटा दीर-जाऊ गावाला असतात त्यामुळे एप्रिलमधले शनिवार-रविवार आणि लेकीची शाळा संपली की पुढचा मुक्काम गावालाच.

तर गेल्या वर्षी काय झालं होतं, २०२५ ला पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. २६ मेला मान्सून मुंबईत पोचला, पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता असं तेव्हा बातम्यांत सांगत होते, आणि त्याच्या आधीही वळवाने झोडपून काढलं होतंच. आमची कौलं चाळायची, म्हणजे काढून, साफ करून परत लावायची राहिलेली, लाकडं अंगणात, आप्पांचा (म्हणजे सासऱ्यांचा) राब, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तो, अर्धा भाजलेला अर्धा भिजलेला. माजघरात ठिकठिकाणी टोपं आणि बादल्या मांडून पावसाळा काढला आम्ही, रात्री टपटप ऐकून कुठलं टोप भरत आलंय ते झोपेत कळायचं. म्हणून यंदा आप्पांनी गुढीपाडव्यालाच जाहीर केलं, आगोटीची कामं एप्रिलमध्ये उरकायची, मेवर काही ठेवायचं नाही.

शहरातल्या लोकांना आगोट हा शब्द हल्ली फारसा ऐकायला मिळत नाही, पण आमच्या भागात तो सगळ्यांच्या तोंडी असतो. पावसाच्या आधी घरात जे जे लागणार ते भरून ठेवायचं आणि घर चार महिने टिकेल असं करायचं. लाकूडफाटा, गोवऱ्या, मसाला, डाळी, पापड-कुरडया, सुकी मासळी. समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते त्यामुळे सुकट, बोंबील, वाकट्या त्याच्या आधीच डब्यात जायला हव्यात. यात घर आवरणं वेगळं काम म्हणून कुणी मोजतच नाही, पण ही सगळी बेगमी ठेवायला जागा लागते आणि जागा करायची म्हणजे जुनं हलवायला लागतं.

शिवाय यंदा २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे नणंदबाई आणि जावई येणार, आणि आईंचं (सासूबाईंना मी आईच म्हणते) म्हणणं की जावई येतील तेव्हा माजघरात टोपं मांडलेली दिसता कामा नयेत.

कौलं चाळणारे आता फार थोडे उरलेत. आमच्याकडे जे येतात ते आसपासच्या चार गावांत एकटेच आणि सगळ्यांना ते पावसाच्या आधीच हवे असतात, मृग लागला की फोनसुद्धा उचलत नाहीत. ते आले, पडवीत बसून चहा घेतला, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, माळा खाली करा, मग चढतो. त्यांचंही बरोबरच होतं. कौलं सरकवली की वरून कचरा, शेवाळाची धूळ, गांधिलमाशांची वाळकी घरं, कौलांच्या कपच्या सगळं खाली येतं, आणि आतून उभं राहून उजेड कुठून येतोय ते बघितल्याशिवाय गळती सापडत नाही. आमच्या माळ्यावर माणूस उभा राहायची गोष्टच सोडा, मांजर जाताना दिसायची आणि दोन दिवस परत दिसायची नाही.

माळा उपसायला घेतला तो भल्या पहाटे, कारण नऊ वाजल्यानंतर कौलाखाली डोकं घालवत नाही, एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर सहज जातो आणि माळ्यावर तर त्याहून जास्त. दीर वर, मी शिडीवर, जाऊ खाली, लेक अंगणात वस्तू लावायला. आईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की काही उचलायच्या आधी काठीने ठोकायचं आणि हात खाली घालायचा नाही. ते किती खरं ते दुसऱ्याच पाटाखाली दिसलं, लाल विंचू, नांगी वर करून. पूर्वी विंचू चावला की माणसं दगावायची, लहान पोरं तर फार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार शोधला तेव्हापासून चित्र बदललं, पण औषध आहे म्हणून कोण हात घालेल. लेकीला चपला काढून सरळ बूट घालायला लावले आणि पुढचं सगळं हातमोजे घालूनच केलं.

काय काय निघालं ते सांगायला बसले तर रात्र होईल. तेलाचे पंधरा किलोचे डबे, झाकणं गायब. पत्र्याच्या दोन ट्रंका. कंदील, पितळी स्टो, दिरांचं सातवीचं दप्तर. उखळ आणि मुसळ. जातं, वरची तळी एका कोपऱ्यात आणि खालची दुसऱ्या. गोधड्यांचं गाठोडं ज्यात उंदरांनी संसार थाटलेला. म्हसाच्या जत्रेतून घेतलेली घोंगडी, ती मात्र शाबूत. एक इरलं, पावसात डोक्यावरून घ्यायचं, पानं झडून नुसता सांगाडा राहिलेलं, ते बघून लेकीला वाटलं कसलातरी पिंजरा आहे. धान मोजायची पायली आणि अधोली, पायली चार शेरांची आणि अधोली तिच्या निम्मी. डेरे आणि माठ तर इतके की मोजायचं सोडून दिलं, दर उन्हाळ्याला नवा माठ येतो आणि जुना फेकायचा कसा म्हणून वर जातो. प्रचाराची पत्रकं, तीन वेगवेगळ्या पक्षांची, घडीसुद्धा न मोडलेली. आणि शेतीच्या औषधांचे रिकामे डबे-बाटल्या, धुऊन नीट झाकणं लावून ठेवलेल्या, कधीतरी कामाला येतील म्हणून.

या बाटल्यांवरून पहिला वाद झाला. आप्पांचं म्हणणं, धुतलंय की, डिझेल ठेवायला होतात, बियाणं ठेवायला होतात. मी म्हटलं आप्पा, बियाणं ठेवायचं तर ठेवाल पण उद्या कुणी पोरगं त्यात पाणी भरून प्यायलं तर. त्यावर ते गप्प झाले. तीन वेळा खळबळून, खिळ्याने भोकं पाडून, वेगळ्या गोणीत बांधून त्या घराबाहेर काढल्या. जाळायच्या नाहीत हेही दिरांना सांगावं लागलं, कारण आमच्याकडे नको असलेली प्रत्येक गोष्ट राबावर टाकायची सवय. राबावर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, पेंढा जातो, वर बारीक मातीचा थर देऊन तो पेटवतात, त्याने खालचं तणाचं बी मरतं आणि रोपांना जागा भुसभुशीत होते. त्यात प्लास्टिक आणि औषधाचा डबा टाकला तर जो धूर होतो त्यात आपणच उभे असतो.

जाऊ माझी हौशी, तिने मोबाईलवर आवराआवरीचे भरपूर रील बघितलेले. तिचं म्हणणं की प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि मनाला विचारायचं की हिच्यामुळे आनंद होतो का, नसेल होत तर टाकायची. तिने ते मोठ्या उत्साहाने आईंना समजावलं. आईंनी हातातलं मुसळ तिच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "घे, याने आनंद होतो का सांग." आम्ही हसून हसून दमलो. पण गंमत बाजूला ठेवली तर मला त्या रीलमधली अडचण तिथेच कळली. त्यात घर एकाचं असतं, वस्तू एकाची, पाऊस कुणाच्याच घरात येत नाही. आमच्या अंगणात पडलेल्या पसाऱ्यात चार माणसांची मालकी होती, आणि मला निरुपयोगी वाटणारी वस्तू आईंच्या हिशोबात आषाढातली असायची. उदाहरणार्थ ते गोणपाटाचे तुकडे. मी फेकायला काढले होते, त्यांनी उचलून आणले, म्हणाल्या झडीच्या दिवसांत दाराच्या आत काय टाकशील, तुझं ते रंगीत पायपुसणं? खरंच आहे, त्या चिखलाला गोणपाटच लागतं.

मग आम्ही ठेवायचं की टाकायचं हा प्रश्नच सोडून दिला आणि वेगळा विचारायला लागलो, हे पावसात कुठे असेल. घरात असेल तर घरात जागा दाखव, परसात असेल तर परसात ने, आणि दोन्हीकडे नसेल तर भंगारवाल्याकडे. आईंना हा प्रश्न पटला कारण त्याचं उत्तर त्यांच्याकडे असायचं. आणि जिथे नसायचं तिथे त्या आपणहूनच म्हणायच्या, जाऊ दे मग.

भंगारात गेले तेलाचे डबे, एक ट्रंक, मोडका स्टो, सायकलचा सांगाडा, रद्दी. कपड्यांवर भांडी देणारी बाई येते तिला साड्या आणि दिरांच्या जुन्या पॅण्ट्स दिल्या, तिने स्टीलची परात दिली आणि वर एक डाव मागितला तर तोही दिला. उंदरांनी कुरतडलेल्या गोधड्यांचा कापूस राबाला. दुसऱ्या ट्रंकेत कागद होते, त्याला मात्र सबंध दुपार लागली. सातबारा आता ऑनलाइन मिळतो म्हणून दिरांना ते सगळं फेकायचं होतं, पण त्यात जुने हस्तलिखित फेरफार होते, पणजोबांच्या नावापासून आप्पांच्या नावापर्यंत कसं आलं त्याचे, आणि वाटणीचा एक कागद. असले कागद एकदा गेले की परत काढायला किती खेटे घालायला लागतात ते ज्याने घातलेत त्याला विचारा. ते प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून कपाटात गेले. विजेची बिलं, खताच्या पावत्या, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका हे रद्दीत.

माळ्यावरची एक गोष्ट मला आधी कधी लक्षात आली नव्हती. चुलीच्या वरचा जो भाग आहे तिथले वासे आणि बांबू धुराने काळेकुट्ट, हात लावला तर तेलकट लागतात, आणि तिथे घुण नावालाही नाही. माजघराच्या वरचा भाग पांढराफटक, बांबूला बोट लावलं की पीठ पडतंय. पूर्वी चूल दिवसभर पेटलेली असायची, धूर कौलांतून बाहेर जाता जाता सगळ्या माळ्यावर फिरायचा, किडे टिकायचे नाहीत. गॅस आल्यापासून चूल पेटते ती भाकरी आणि अंघोळीच्या पाण्यापुरती. आप्पा म्हणाले धूर गेला नि घुण आला. आता घुणासाठी बायकांनी परत धुरात बसावं असं कुणी म्हणणार नाही, माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांची काय अवस्था आहे ते मला माहितीय, पण मग लाकडाला दुसरं काहीतरी लावायला हवं एवढं तरी कळलं. घुण लागलेले बांबू काढून टाकले आणि वाशांना दिरांनी वाळवीचं औषध मारलं.

चुलीच्या वरच बियाणं टांगलेलं होतं. वाळलेली शिराळी, घोसाळी, एक मोठा दुधी वाळून तुंबा झालेला, राखेत ठेवलेल्या काकडीच्या बिया एका डब्यात. घोसाळं वाळलं की त्याच्या टोकाला एक टिकली असते, ती नखाने उचकटली की आत पोकळ नळ्या दिसतात आणि घोसाळं उलटं धरून हलवलं की काळ्या चपट्या बिया खडखडत परातीत पडतात. लेक ते करत अर्धा तास बसली होती, मोबाईल मागितला नाही. आतली जाळी उरते ती भांडी घासायला. बिया किती जुन्या ते आईंनाही आठवेना, मग ओल्या फडक्यात थोड्या थोड्या बांधून ठेवल्या, घोसाळी आणि शिराळी बऱ्यापैकी फुटली, दुधीची निम्मीच फुटली, काकडी अजिबात नाही. काकडीचं बी मग मुरबाडच्या बाजारातून आणलं.

आता हे परसातलं काम म्हणजे माझं खरं आवडीचं. आमच्याकडे वेलांची आळी अक्षय्य तृतीयेला घालतात, त्या दिवशी लावलेलं वाढतं अशी श्रद्धा, आणि हिशोबही आहे की एप्रिलमध्ये बी टाकलं तर पाऊस येईपर्यंत वेल मांडवावर चढलेला असतो आणि आषाढात भाजी सुरू होते, नाहीतर जूनमध्ये लावलं तर कोवळी रोपं पहिल्या मोठ्या पावसात कुजतात. पण एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून आणायचं. आमची विहीर मेमध्ये तळ दाखवते. आमच्या शेजारचा शहापूर तालुका तर बघा, तानसा, मोडकसागर, भातसा अशी मुंबईला पाणी देणारी धरणं तिथे आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. तर बादलीने वेलांना पाणी घालणं म्हणजे विहिरीशी भांडण.

तेव्हा ते माठ कामाला आले. मातीचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, तोंड वर ठेवायचं, पाणी भरायचं आणि भोवती बिया लावायच्या. माती कोरडी झाली की माठातून पाणी झिरपतं, ओली असली की थांबतं, वर ऊन लागून उडून जात नाही. पण जुना माठ असाच पुरून चालत नाही. वर्षानुवर्षं पाणी भरून त्याची भोकं क्षाराने बुजलेली असतात, म्हणूनच तर पाणी गार होत नाही म्हणून तो माळ्यावर गेलेला असतो. आम्ही प्रत्येक माठ नारळाच्या शेंडीने आणि वाळूने आतून-बाहेरून घासला, पाणी भरून सावलीत ठेवला आणि तासाभराने बाहेरून हात फिरवला. जो ओलसर लागला तो परसात, जो ठणठणीत कोरडा त्यात पक्ष्यांना पाणी. एक दोन तर रंगवलेले होते, त्यातून काही झिरपणार नव्हतं, त्यात जाऊने तुळस लावली. चिरलेले होते ते फोडून कुंड्यांच्या तळाला.

माठाच्या तोंडावर झाकण म्हणून कौलाचा तुकडा. हे लक्षात ठेवायचं, उघडा ठेवला तर डास होतात आणि सरडे, बेडक्या आत पडून मरतात. तुकड्यांना काही तोटा नव्हताच, कारण तोपर्यंत कौलांचं काम सुरू झालं होतं. ते काम बघण्यासारखं असतं. एकेक कौल उचलायचं, शेवाळ ब्रशने खरडायचं, मग बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणकन वाजलं तर परत लावायचं, भद्द वाजलं तर चीर आहे, खाली. वरून माकडं उड्या मारतात, शेजारचा आंबा गळतो, वाऱ्याने सरकतात, कारणं ढीगभर. आढ्यावरचे कोने सगळे काढून परत बसवले कारण मुख्य गळती तिथूनच होती. रिपा, म्हणजे कौलं ज्यावर बसतात त्या लाकडी पट्ट्या, दोन-तीन बदलल्या. माजघर काळोखं असतं म्हणून एक काचेचं कौल बसवून घेतलं, इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं, आता दुपारी दिवा लावायला लागत नाही. फुटकी कौलं खाली येतील तशी मी उचलून परसात नेत होते आणि अळवाच्या वाफ्याला कडेने उभी खोचत होते, मोरीचं पाणी तिकडे जातं ते आता पसरत नाही. आप्पा म्हणाले तू कौलं फुटायची वाटच बघतेस जणू.

मांडवाला बांबू नवे आणायचे ठरलं होतं पण माळ्यावर चुलीच्या बाजूचे जे काळे बांबू होते ते इतके टणक निघाले की तेच वापरले, आडव्या कारवीच्या काठ्या टाकल्या, आणि वर चढायला जुन्या साड्यांच्या पट्ट्या. नायलॉनची दोरी तापते आणि वेलाचा कोवळा शेंडा भाजतो असं जाऊचं निरीक्षण, मला पटलं. सुरण मीच लावला, डोळा असलेला तुकडा बघून, शेणखत घालून. हाताला खाज सुटतेच, आमसुलाचं पाणी तयार ठेवायचं. हळद आणि आलं खताच्या रिकाम्या गोण्यांत, खाली भोकं पाडून, कारण जमिनीत लावलं की डुक्कर येऊन उकरतात. हळदीला पैसे वाचवणं हा काही उद्देश नाही, मला नागपंचमीला पातोळ्यांसाठी पानं हवी असतात आणि ऐरोलीच्या बाजारात चार पानांना जे पैसे मागतात ते ऐकून दरवर्षी माझं डोकं फिरतं. वरून सगळ्याला पेंढा पसरला, ओल टिकते.

या सगळ्यात आईंचा आणि माझा एकदाच खरा खटका उडाला, जात्यावरून. मला ते ऐरोलीला न्यायचं होतं, हॉलच्या कोपऱ्यात ठेवून वर झाड ठेवायला, तसं हल्ली सगळीकडे दिसतं. आई म्हणाल्या, जात्यावर झाड ठेवायचं नाही, लग्नात हळद कशावर दळणार. मी म्हटलं लग्न कुणाचं आहे आता, तर त्यांनी लेकीकडे बघितलं. ती दहा वर्षांची आहे हो. पण मग मी नाद सोडला. जातं पडवीत बसवलं, दोन्ही तळ्या जोडून, खुंटा नवा घातला, आणि त्यावर काहीही ठेवायचं नाही असा हुकूम.

मुसळाने मात्र आमची बोलती बंद केली. अधिकातले अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे. मिक्सरला करता येतं, मी करते, पण मिक्सर तापतो आणि पीठ चिकट होतं. आईंनी ते उखळ परसात धुऊन घेतलं, जाऊने आणि मी आळीपाळीने मुसळ धरलं, पहिल्या दहा मिनिटांत माझे खांदे गेले, ती मात्र रील बनवत होती. पीठ पिठीच्या चाळणीने चाळून गूळ घालून मुरत ठेवलं. जाळी अशी पडली अनारशांना की मी फोटो काढून सगळ्या मैत्रिणींना पाठवला. तेहतीस अनारसे तांब्याच्या ताटात घालून वर दिवा ठेवून जावयांना द्यायचे, तर ताटही माळ्यावरच्या गाठोड्यात सापडलेलं, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. जावयांना कौतुक ताटापेक्षा छपराचं, आत आल्या आल्या वरच बघत होते, त्यांनाही गेल्या वर्षी अंगावर थेंब पडल्याचं आठवत असणार.

पापड, कुरडया, मसाला ही कामं अध्येमध्ये झाली, त्याचं वेगळं काय सांगायचं, सगळ्यांकडे होतात. एवढंच की माळ्यावरून निघालेल्या दोन सुतळीच्या बाजा वाळवणाला फार उपयोगी पडल्या, कोंबड्यांच्या चोचीपासून वर, आणि चिनीमातीच्या बरण्यांपैकी ज्या चिरल्या नव्हत्या त्यांत लोणचं. चिरलेल्या बरणीत लोणचं घालू नये, चिरेत बुरशी धरते.

माळ्यावर परत काय गेलं? घोंगडी, पाट, पायली-अधोली, सूप-टोपल्या, गणपतीचं मखर, आणि बेगमीचे डबे, तेही भिंतीला लागून. मधून चालायला वाट ठेवली आहे आणि ती भरायची नाही असं दिरांनी सगळ्यांना बजावलंय. खरं सांगायचं तर जाऊ आणि मी पैज लावलीय की दिवाळीपर्यंत पहिला माठ वर जाणार.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव आला, चांगला तासभर, गाराही पडल्या. आम्ही सगळे माजघरात माना वर करून उभे. कुठेच नाही, कुठेच नाही, आणि मग फ्रीजच्या बरोबर वर एक ठिपका. कौलवाल्यांना फोन लावला तर ते म्हणाले एकच आहे ना, मी काही आता येत नाही, आतून काठीने ढकला, कौल सरकलं असेल. पूर्वी असतं तर तिथपर्यंत पोचलाच नसता कुणी. दीर शिडीने वर गेले, लेकीने टॉर्च धरला, आप्पा खालून थोडं डावीकडे थोडं उजवीकडे करत होते, कौल जागेवर बसलं आणि ठिपका बंद झाला. उतरताना दिरांना कोपऱ्यातल्या एका रिपेवर वाळवीची ताजी माती दिसली. तिथे सध्या औषध मारलंय, रीप दिवाळीनंतर बदलायची, बाजारातून कापून आणायला आप्पांनी माप लिहून ठेवलंय.